चाकरमान्यांची मोजदाद आणि शासनाचे धोरण

(पूर्णगड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हे लहानसे बंदर आणि त्याच्या डोक्यावरचा हा तेवढाच लहान किल्ला उभा आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या ४८ छोट्या बंदरांच्या यादीत पूर्णगडचे नाव आजही आहे. परंतु या किनाऱ्याने गेल्या दीडशे वर्षांत मुंबईला सर्वांत अधिक काय पुरविले, असे विचारले तर आंबा, नारळ किंवा मासळी हे त्याचे खरे उत्तर नव्हे. या किनाऱ्याने मुंबईला माणसे पुरविली. आणि ज्या मालाची निर्यात इतकी मोठी, त्याचीच नोंद शासनाच्या वह्यांत सर्वांत कच्ची राहिली.

युरोपातील विद्यापीठांत आणि शासनसंस्थांत हल्ली एका प्रश्नाची फार चर्चा चालते. लोकसंख्येचे आणि स्थलांतराचे जे संशोधन होते ते धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत पोचते काय, आणि पोचले तर त्याचा उपयोग कोणासाठी होतो, हा तो प्रश्न. पूर्णगडच्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. ज्या घराची एक चूल गावात आणि दुसरी परळ-लालबागेत पेटत आली, त्या घराला हा प्रश्न तीन-चार पिढ्यांपासून ठाऊक आहे; फक्त तो कोणी त्याला विचारला नाही.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सुमारे पावणेआठ लाख भरली आणि त्यांपैकी सव्वा लाखांच्या आसपास लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. म्हणजे दर सहा मुंबईकरांमागे एक रत्नागिरीचा. १९११ पर्यंत गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे याच जिल्ह्यातले होते. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. तो १९८१ साली वेगळा झाला. हे आकडे कोणा चळवळ्याने गोळा केलेले नाहीत. ते इंग्रज सरकारच्या शिरगणतीचे आहेत आणि तेव्हापासून सर्वांना उपलब्ध आहेत.

कोकणचा माणूस मुंबईला का गेला याचे उत्तर शाळेच्या पुस्तकांत डोंगराळ जमीन आणि वाहून जाणारे पाणी असे दिलेले असते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. डोंगर आणि पाऊस खोतालाही होताच. कुळाच्या हाती मात्र पीक राहत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने जाण्यास १९४९ साल उजाडावे लागले. त्याच आंबेडकरांनी १९१८ साली, म्हणजे कोलंबियातून परतल्यावर लवकरच, भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. जमिनीचा तुकडा लहान आहे हा मूळ रोग नव्हे. त्या तुकड्यावर लोटलेली माणसे आणि त्याला मिळणारे भांडवल यांचे प्रमाण बिघडले आहे, हा रोग आहे, आणि अतिरिक्त माणसांना उद्योगांत काम मिळाल्याशिवाय तो बरा होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. लोकसंख्येचा विचार धोरणाशी जोडण्याचे याहून स्वच्छ उदाहरण त्या काळच्या अर्थशास्त्रात शोधावे लागेल. त्याचा वारसा मात्र आपल्या नियोजनाने अर्धाच घेतला. उद्योग आले, पण ते मुंबई-ठाण्यालाच आले, आणि माणसाने त्यांच्यामागे जावे असे गृहीत धरले गेले.

या जाण्याचा एक आर्थिक अर्थ आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. पुरुष एकटा जातो, गाळ्यात आठ-दहा जणांबरोबर राहतो, खानावळीत जेवतो. बायको, मुले, म्हातारे आईबाप गावी राहतात. कामगाराला मिळणारी मजुरी ही एका माणसाच्या पोटाची मजुरी असते, कुटुंबाची नसते. आजारपण, बाळंतपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा खर्च गावाने सोसायचा. गिरणीत बदली कामगाराला काम नसले म्हणजे तो गावी येत असे. मालकाने त्याला पोसावे असे कोणी म्हणत नसे. रत्नागिरीला ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ असे म्हणण्याची पद्धत पडली. पण हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. मनीऑर्डरीने गावाला जेवढे दिले त्याहून अधिक गावाने भाताच्या खाचरांतून आणि स्त्रियांच्या राबण्यातून मुंबईच्या भांडवलाला दिले असणे अगदी शक्य आहे. स्त्रियांचे हे श्रम कोणत्याही ताळेबंदात आले नाहीत. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा जो अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला, त्यात पुरुष मुंबईला आणि बाया घरी या रचनेचे चित्र आहे. ते सह्याद्रीच्या पलीकडचे असले तरी अलीकडच्या वाचकाला ओळखीचे वाटेल.

युरोपने हीच गोष्ट राष्ट्रांच्या सीमा ओलांडून केली. पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार केले. आलेल्या माणसाला ‘पाहुणा कामगार’ म्हटले गेले. तो काही वर्षे राबेल आणि परत जाईल, त्याच्या जागी दुसरा येईल, असे ते धोरण होते. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलसंकटाच्या वेळी ही भरती बंद करण्यात आली. कामगार परत जातील ही अपेक्षा होती. झाले उलटेच. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे ओळखून पुष्कळ तुर्की कामगारांनी बायकामुलांना तिकडे बोलावून घेतले आणि तुर्कांची वस्ती वाढली. कॅसल्स आणि कोसॅक या दोन अभ्यासकांचा पश्चिम युरोपातील स्थलांतरित कामगार आणि वर्गरचना यांवरील ग्रंथ नेमका त्याच वर्षी, १९७३ मध्ये निघाला. हा कामगार तात्पुरता पाहुणा नाही, तो तिथल्या कामगारवर्गाचाच एक खालचा थर आहे, हे त्यात स्पष्ट मांडलेले होते. धोरणकर्त्यांना ते मान्य व्हायला आणखी दोन-तीन दशके गेली.

याउलट जेथे संशोधन ऐकले गेले असे युरोपातले उदाहरण स्वीडनचे आहे. गुन्नार मिर्दाल यांचे नाव भारतीय वाचकाला ‘एशियन ड्रामा’ या १९६८ च्या ग्रंथामुळे माहीत आहे. त्यांनी आणि आल्वा मिर्दाल यांनी १९३४ साली स्वीडनच्या घटत्या जन्मदरावर एक पुस्तक लिहिले. तेव्हाचे सनातनी लोक स्त्रियांना दोष देत होते. मिर्दाल दांपत्याने म्हटले की मूल वाढविण्याचा खर्च एकट्या कुटुंबावर टाकला तर गरीब कुटुंब मूल नको म्हणणारच. तो खर्च समाजाने वाटून घ्यावा. १९३५ साली सरकारने लोकसंख्या आयोग नेमला, १९३७ मध्ये बाळंतपणाचे साहाय्य आले, आणि १९३९ मध्ये विवाह किंवा गरोदरपण या कारणाने स्त्रीला कामावरून काढण्यास कायद्याने बंदी झाली. समाजवादी पक्ष सत्तेवर असल्याने आकड्यांतून असा कायदा निघू शकला.

परंतु याच स्वीडनमध्ये १९३४ साली नसबंदीचाही कायदा झाला, आणि ‘अयोग्य’ ठरविलेल्या माणसांवर तो चालविला गेला. मिर्दाल यांच्या मांडणीतही त्याला जागा होती, हे लपविण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तर आणीबाणीत लोकसंख्याशास्त्राचे दुसरे कोणतेच रूप दिसले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. त्यामुळे ‘संशोधन आणि धोरण यांची सांगड घाला’ एवढे म्हणून भागत नाही. ज्याच्याविषयी आकडे आहेत तो माणूस धोरण ठरविताना खोलीत होता की दाराबाहेर, हे आधी पाहावे लागते.

मुंबईत संशोधनाची वाण कधीच नव्हती. लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधनाचे केंद्र तेथे १९५६ साली संयुक्त राष्ट्रे, भारत सरकार आणि टाटा न्यास यांच्या साहाय्याने निघाले. १९८५ पासून ते आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. के. सी. झकारिया यांनी या केंद्रातून १९६१ च्या जनगणनेच्या आधारे बृहन्मुंबईतील स्थलांतरितांचा अभ्यास केला आणि तो १९६८ साली ग्रंथरूपाने आला. त्या जनगणनेत मुंबईच्या दर तीन रहिवाशांपैकी जवळजवळ दोघे शहराबाहेर जन्मलेले होते. त्याआधी १९६३ मध्ये कुंज पटेल यांचा रत्नागिरीहून मुंबईस आलेल्या कामगारांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अशा अभ्यासांनंतर कोकणच्या गावांसाठी आणि मुंबईच्या चाळींसाठी एकत्रित विचार व्हावा अशी अपेक्षा करणे चूक नव्हते. पुढे निघाले काय, तर १९६६ साली स्थापन झालेल्या संघटनेची ‘परप्रांतीयां’विरुद्धची आरोळी. आकडे तेच, पण त्यांतून कामगारांची एकजूट काढायची की त्यांच्यातली भांडणे काढायची, हे राजकारण ठरवीत असते.

झकारिया पुढे त्रिवेंद्रमच्या विकास अध्ययन केंद्रात गेले. तेथे त्यांनी इरुदय राजन आणि इतर सहकाऱ्यांसह १९९८ साली केरळची स्थलांतर पाहणी सुरू केली. घरोघर जाऊन कोण बाहेर आहे, कोठे आहे, किती पैसे पाठवितो, कोण परतला, घरी मागे कोण राहिले, हे विचारायचे, आणि काही वर्षांनी पुन्हा विचारायचे. पहिल्या पाहणीत परदेशी गेलेले केरळी १३ लाख ६० हजारांच्या आसपास भरले; २०२३ च्या पाहणीत ते २२ लाख होते. त्या राज्याने परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते १९९६ मध्येच काढले होते. २००८ साली कल्याण निधीचा आणि निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. शेजारच्या गोव्यानेही २००८ मध्ये अशी पाहणी करून घेतली. ज्या अभ्यासकाने मुंबईतल्या चाकरमान्याला प्रथम शास्त्रीय रीतीने मोजले, त्याच्या पद्धतीचा उपयोग केरळने करून घेतला. महाराष्ट्रात ती पद्धत रुजली नाही.

न रुजण्याची किंमत या जिल्ह्याने कशी दिली ते पाहा. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. जवळजवळ पाच टक्के घट. सिंधुदुर्गाची लोकसंख्याही याच काळात घटली. राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना रत्नागिरीत त्या १,१२२ आहेत. हे स्त्रियांच्या भाग्याचे लक्षण नसून पुरुषांच्या गैरहजेरीचे आहे. त्यातही एक बारकावा आहे. २००१ मध्ये हेच प्रमाण १,१३६ होते. म्हणजे लोकसंख्या घटत असताना स्त्रियांचे प्रमाणही उतरले. पूर्वी पुरुष जात असे आणि घर मागे राहत असे. आता घरच्या घर उठून विरार-डोंबिवलीकडे चालले आहे, असा त्याचा अर्थ लावणे भाग आहे. मनीऑर्डर ज्या चुलीसाठी येत होती ती चूलच गेली, तर मनीऑर्डरही थांबते.

या दशकाचा प्रारंभ कसा झाला होता, ते समाजवादी कार्यकर्त्याला सांगावयास नको. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर खुली झाली. बॅरिस्टर नाथ पै यांनी तिचा आग्रह धरला, मधु दंडवते यांनी तिच्यासाठी संसदेत वर्षानुवर्षे झुंज दिली, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली महामंडळ स्थापन झाले. ती मागणी न्याय्यच होती आणि तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तथापि रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटली, हेही खरे. त्याचा दोष रूळांना देणे वेडेपणाचे होईल. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. गावात काम नसेल तर त्याचा उपयोग जाण्यासाठी अधिक होतो. रेल्वेबरोबर प्रक्रिया उद्योग, शीतगृहे, मासेमारी बंदरे आणि तंत्रशिक्षण यांचा जो कार्यक्रम हवा होता तो मागे पडला.

राज्याच्या लोकसंख्येतील घटलेल्या वाट्याने आणखी एक हिसका दिला. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेला २००१ ची जनगणना आधार होती. तीत जिल्ह्यातले विधानसभेचे मतदारसंघ सातांचे पाच झाले. खेड आणि संगमेश्वर गेले. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ, ज्याने नाथ पै आणि दंडवते यांना दिल्लीला पाठविले, तोही नाहीसा होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच झाला. माणूस मुंबईत राबतो म्हणून गावचा आवाज कमी झाला. मुंबईत तो झोपडपट्टीत किंवा चाळीत, तेथे त्याचा स्वतंत्र आवाज नाहीच. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक, शाळेतले शिक्षक पटसंख्येवर, असे सगळे निकष डोक्यांवर बसविलेले आहेत. वाडीत वृद्ध अधिक आणि डोकी कमी असली की दवाखान्याची गरज वाढते आणि हक्क मात्र घटतो. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ साली आला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक मंडळे झाली तेव्हा कोकण ‘उर्वरित महाराष्ट्रा’त पडला, म्हणजे मुंबई आणि पूर्णगड एका पोत्यात. त्या पोत्याची सरासरी काढल्यावर पूर्णगड गरीब दिसणार कसा?

जनगणनेच्या फटींतून माणसे कशी निसटतात त्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे गिरणी संप. तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. १९८१ ची गणना त्याआधी झालेली आणि पुढची १९९१ मध्ये. अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या आयुष्याची जी उलथापालथ झाली, गावी परतणे, पुन्हा जाणे, मुलांच्या शाळा सुटणे, ती या दोन गणनांच्या मधोमध घडून गेली. गिरण्यांच्या जमिनींविषयीचे नियम मात्र १९९१ आणि २००१ मध्ये पुरेशा तत्परतेने बदलले.

इकडे गावे रिकामी होतात असे आपण म्हणतो, आणि त्याच गावांत नवी माणसे येऊन राहिली आहेत याकडे लक्ष देत नाही. आंब्याच्या बागांची राखण नेपाळी करतात, यांत्रिक नौकांवर नेपाळी खलाशी आहेत, चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे राबतात. रॅव्हन्स्टाइन नावाच्या अभ्यासकाने १८८५ साली ब्रिटनच्या शिरगणतीवरून स्थलांतराचे नियम मांडले. स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, हा त्यांतला एक. कोकणात उलटा प्रवाह निराळ्याच माणसांचा आहे. ज्या मजुरीवर इथला तरुण राहत नाही त्या मजुरीवर राहणारा माणूस आणखी दुरून आणला जातो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेल्या कामगारापुरता होता. तो आता २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. रत्नागिरीहून मुंबईस जाणारा राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून त्याला तो कधीच लागू झाला नाही. चाकरमान्याला मुंबईत कामगार म्हणून जे मिळेल ते मिळेल. स्थलांतरित म्हणून त्याचे अस्तित्व कायद्याला दिसत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा ही आंधळी बाजू साऱ्या देशाने पाहिली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की घरी परतताना मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला स्वतःच्या गावात विलगीकरणाच्या अटी पाळाव्या लागल्या, आणि घरचाच माणूस काही काळ वाडीला भीतीचे कारण झाला. युरोपात २००७ पासून प्रत्येक सदस्य राष्ट्राने स्थलांतराची आकडेवारी दरवर्षी देणे नियमाने बंधनकारक आहे. तरीही २०१५ मध्ये दहा लाखांवर माणसे समुद्रमार्गे आली तेव्हा आकड्यांपेक्षा भीतीच अधिक बोलली, हे खरे. पण तेथे निदान आकडे पुढे ठेवून सरकारशी वाद घालता येतो. इथे वाद घालणाऱ्याच्या हाती काहीच नसते.

‘तरुण मुंबईला जातो, त्याला थांबविण्यासाठी प्रकल्प हवा’ हे वाक्य गुहागरच्या वीज प्रकल्पापासून नाणार-बारसूपर्यंत प्रत्येक वेळी ऐकविले गेले. ते खोडून काढण्यास किंवा मान्य करण्यास काही माहिती लागते. कोणत्या वयाचे, किती शिकलेले, कोणत्या वाडीतले तरुण गेले. कोणत्या कामावर परत येतील. मासेमारी आणि बाग गेल्यावर आणखी किती जातील. ही माहिती न गोळा करता रोजगाराचे आकडे जाहीर करणे ही फसवणूक आहे, मग ती कोणत्याही पक्षाच्या सरकारने केलेली असो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. ती २०२७ मध्ये घेण्याचे केंद्राने जून २०२५ मध्ये अधिसूचित केले. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख आहे आणि प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत व्हावयाची आहे. फेब्रुवारीत शिमगा आलेला नसतो, मे महिन्याची सुटी दूर असते. म्हणजे चाकरमानी गावात नसण्याचाच तो काळ. त्याची गणना मुंबईत होईल आणि ती तशी होणे नियमाला धरूनच आहे. पण गावाच्या बाजूने दुसरी वही लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही. ग्रामसभा १ मे रोजी भरते. त्या दिवसांत पुष्कळ चाकरमानी गावी असतात. प्रत्येक वाडीतले बंद घर, ते केव्हापासून बंद, माणसे कोठे, जमीन सामाईक सातबाऱ्यावर किती नावांत अडकलेली, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना औषध कोण आणून देते, बागेवरच्या नेपाळी कुटुंबाची मुले शाळेत जातात की नाही, एवढी माहिती पाच-सहा कार्यकर्त्यांना पंधरा दिवसांत लिहून काढता येईल. नावे पोलिसांच्या किंवा ठेकेदारांच्या हाती जाणार नाहीत याची काळजी घेऊन केवळ वाडीवार बेरजा ग्रामसभेपुढे ठेवाव्यात, त्यांवर ठराव करावा, आणि तो जिल्हा नियोजन समितीकडे धाडावा. पावस, गावखडी आणि पूर्णगड या तीन गावांपासून सुरुवात करता येईल. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांकडे आपापल्या वाडीच्या याद्या बहुधा आधीपासूनच असतात.